यूट्यूबवर सगळं असताना मैफिलीला जावं का? साथीदाराच्या जागेवरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "गेली काही वर्षं मी शास्त्रीय गाणं हेडफोनवर ऐकतोय. जुने-नवे सगळे गायक यूट्यूबवर फुकट मिळतात, आवाजही स्वच्छ असतो. मग तिकीट काढायचं, ट्रॅफिकमधून नाट्यगृह गाठायचं, तीन तास एका जागी बसायचं, यातून जास्तीचं काय मिळतं? मला राग ओळखता येत नाहीत, तरी जावं का? सुरुवात कुठून करू? आणि सात वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं का?"

मी पेटीची साथ करतो. त्याआधी बरीच वर्षं गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसत होतो. त्यामुळे मैफल मी प्रेक्षागृहातून जेवढी ऐकली, त्याहून कितीतरी जास्त व्यासपीठावरून ऐकली आहे. श्रोत्यांना दिसत नाही असं बरंच काही तिथून दिसतं. माझं उत्तर: जावं, नक्की जावं. मात्र कुठल्याही मैफिलीला जाऊ नये. तो भाग पुढे सांगतो.

जायचं ते गाणं घडत असताना तिथे हजर असण्यासाठी. ख्याल लिहून ठेवलेला नसतो. दोन-चार ओळींची बंदिश, ताल आणि रागाची शिस्त एवढं बरोबर घेऊन गायक बसतो आणि पुढचं तासाभराचं गाणं तिथल्या तिथे सुचत जातं. ते कसं सुचेल, किती सुचेल, हे समोर कोण बसलंय यावर फार अवलंबून असतं. ऐकणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. आपण अंधारात गप्प बसलेलो, आपल्यामुळे वर काय बदलणार, असं त्यांना वाटतं. माझ्या कामात हा रोजचा अनुभव आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिली दहा मिनिटं गायक दोन गोष्टी चाचपत असतो: स्वतःचा गळा आणि समोरची माणसं. षड्ज, म्हणजे आधाराचा सा, लावून तो सभागृह ऐकतो. आवाज परत कसा येतोय, मागच्या रांगांपर्यंत पोचतोय का, कोण अजून जागा शोधतंय, कोण मोबाईलवर आहे. मग त्याची नजर एका माणसावर स्थिरावते. तो माणूस ओळखीचा असतोच असं नाही. ज्याची मान योग्य जागी हलते, जो समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी श्वास धरतो, असा कुणीतरी. पुढचं गाणं बऱ्याच अंशी त्या एका माणसासाठी असतं, आणि बाकीच्यांना ते त्याच्या निमित्ताने मिळतं.

सांगलीतल्या एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळची बैठक होती. गाणाऱ्या बाईंनी पूरिया राग घेतला. या रागात पंचम (प) नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात (नी) लावतात. षड्जाला सारखी बगल द्यायची आणि निषाद, कोमल ऋषभ (रे), गांधार (ग) यांच्यातच फिरत राहायचं, यात पूरियाची सगळी ओढ आहे. बाई मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावर आल्या, ऋषभाला किंचित स्पर्श केला आणि थांबल्या. आता षड्ज येणार असं सगळ्यांना वाटत होतं. पुढच्या सतरंजीवर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांच्या तोंडून अगदी हळू "अहा" निघालं, षड्ज लागायच्या आधीच. बाईंनी ते ऐकलं. षड्ज दिलाच नाही. परत गांधारावर गेल्या, तिथून दुसऱ्या वाटेने निषादावर उतरल्या, आणि तालाची आणखी दोन आवर्तनं, म्हणजे दोन फेऱ्या, त्याच परिसरात काढली. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या, एकतालातली आवर्तनं, म्हणजे एकेक जवळजवळ मिनिटभराचं. मी पेटीवरची बोटं उचलली आणि नुसता निषाद धरून ठेवला, कारण तिथे मी काहीही वाजवलं असतं तरी ते जास्त झालं असतं. अखेर षड्ज आला तेव्हा अख्ख्या सभागृहातून एकदम श्वास सुटला. ती दोन आवर्तनं घरी ठरवून आणलेली नव्हती. त्या आजोबांनी दाद दिली नसती तर ती झालीच नसती.

याच्या उलट अनुभव २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळ्यांनी घेतला. रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून गाणं. गायक तेच, गळे तयार, वेळही भरपूर. तान समेवर येऊन पडायची आणि पुढे काहीच नाही. दोन-तीनदा असं झालं की गायकाची बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, आपोआप आखूड व्हायला लागायची. पाऊण तासाचा ख्याल पंचवीस मिनिटांत आटपायचा. वेळेचं बंधन कुणी घातलेलं नव्हतं. थांबवणारं, उचलून धरणारं समोर कुणी नव्हतं एवढंच.

आकाशवाणीला हे फार पूर्वी कळलं होतं. स्टुडिओतलं गाणं रोज प्रसारित होत असतानाही १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झालं ते आमंत्रित श्रोत्यांसमोर. रेडिओसाठीच ध्वनिमुद्रण करायचं, तरी समोर माणसं हवीत. तुम्ही यूट्यूबवर ज्या ध्वनिफिती ऐकता, त्यांतल्या सगळ्यांत आवडत्या चार-पाच आठवून बघा. त्यांतल्या बहुतेक कुणाच्या तरी घरच्या बैठकीतल्या किंवा संमेलनातल्या असतील. मधूनच खोकला ऐकू येतो, कुणीतरी "क्या बात है" म्हणतं, तबल्याचा माइक जास्त असतो. तरी स्टुडिओतल्या स्वच्छ मुद्रणापेक्षा आपण तीच पुन्हा लावतो.

आपल्याकडे तर श्रोत्याने गाणं घडवण्याची परंपराच आहे. संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळत राहायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. प्रत्येक वन्समोअरला तेच पद नव्या जागांनी यायचं, कारण दुसऱ्यांदा तेच तसंच म्हटलेलं त्या प्रेक्षकांना चाललं नसतं. लोक पदासाठी जेवढे जात, तेवढेच आज त्या पदाचं काय होतं हे ऐकायला जात.

आता आवाजाबद्दल. "हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतं" हे खरं आहे, आणि ते मान्य करायला मला काही अडचण नाही. सतरंजीवर मागे बसून ऐकण्यापेक्षा चांगल्या हेडफोनवर गायकाची मुरकी जास्त स्पष्ट कळते. पण तानपुरा घ्या. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्याचा सा असेल, तर खरजाची (खालच्या सा ची) तार साधारण ७० हर्ट्झवर वाजते. फोनच्या छोट्या स्पीकरला तिथला आवाज काढताच येत नाही. त्याच्यावर तुम्हाला वरचे सूर ऐकू येतात आणि खालचा कान अंदाजाने भरून काढतो. शिवाय मुद्रण बाजारात आणताना आवाजाची चढउतार सपाट केली जाते, म्हणजे हळू भाग वर आणि मोठा भाग खाली. त्यामुळे गायकाने आवाज अगदी बारीक केला म्हणून सगळं सभागृह पुढे झुकतं, हा अनुभव त्यात येत नाही.

खोलीत, पाच-सात हातांवर दोन चांगले मिरजेचे तानपुरे जुळलेले ऐकले नसतील, तर एकदा तेवढ्यासाठी तरी जा. जवारी, म्हणजे तार जिथे घोडीला टेकते तिथली घासून केलेली जुळणी, नीट लागलेली असली, घोडीवरच्या तारेखालचा दोरा अचूक जागी बसला, की तारेतून न छेडलेले सूर ऐकू यायला लागतात. खरजातून गांधार उमलतो, कधी पंचमाच्या तारेतून ऋषभ. गायक त्या सुरांत आपला सूर ठेवत असतो. मोबाईलच्या अ‍ॅपमधला तानपुरा रियाजाला सोयीचा आहे, मीही वापरतो, पण त्यात हे फारसं होत नाही. जुळवणीही मुद्दाम बघण्यासारखी असते. ग्रीनरूममध्ये अर्धा तास घालवून लावलेले तानपुरे एसीच्या आणि दिव्यांच्या खाली आले की पाच मिनिटांत उतरतात किंवा चढतात. मग गायक हात वर करून थांबवतो, मणी सरकतो, तबलजी हातोडी घेतो. समोरचे लोक घड्याळं बघतात. मी म्हणेन, तेव्हाच सगळ्यांत जास्त कान द्या. सूर जुळण्याआधी कसा असतो आणि जुळल्यावर काय होतं, हे त्या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कधी कळणार नाही.

ध्वनिमुद्रणाविषयी माझी तक्रार नाही. मी निम्मं शिकलो ते ऐकून-ऐकूनच. पण त्याच्या मर्यादेतून गाणं कसं बदललं हे माहीत असावं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं, तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. ज्या रागाला बैठकीत तास लागतो तो तेवढ्यात बसवायचा. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना अंगावर काटा येतो, यात वादच नाही. पण त्यांचं सावकाश, सुरासुराने चाललेलं गाणं जसं बैठकीत असेल तसं त्या तबकड्यांत नाही, ते असूच शकत नाही. गायिका केसरबाई केरकरांनी ध्वनिमुद्रण फार करू दिलं नाही. त्यांचं भैरवीचं साडेतीन मिनिटांचं एक मुद्रण १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचा विस्तार प्रत्यक्ष ऐकलेली मंडळी ज्या डोळ्यांनी त्याबद्दल बोलायची, ते पाहिल्यावर आपल्या हाती त्यातलं किती थोडं आलंय हे कळायचं.

एक मोठी गोष्ट मात्र मैफिलीतूनही गेली आहे, तीही सांगायला हवी. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. रमणबागेच्या मैदानात डिसेंबरच्या थंडीत शाली-कानटोप्या घालून लोक मालकंस, दरबारी ऐकत बसायचे आणि उजाडताना ललत, तोडी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद; राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. नियम गरजेचा आहे, दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्याचा परिणाम असा झाला की मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेपूर्वीचे राग मोठ्या व्यासपीठावरून जवळजवळ नाहीसे झाले. संध्याकाळी साडेपाच ते दहा एवढ्यात यमन, पूरिया, मारवा, मारूबिहाग, बागेश्री, फार तर मालकंस. तुम्ही वर्षभर संध्याकाळच्याच मैफिलींना गेलात तर ललत प्रत्यक्ष कधी ऐकणारच नाही. म्हणून आग्रहाने सांगतो: सकाळच्या बैठका शोधा. सकाळी सात-आठला छोट्या सभागृहात होणाऱ्या मैफिली आता बऱ्याच ठिकाणी आहेत. रविवारी सकाळी ट्रॅफिकही नसतो, आणि तोडी ऐकून बाहेर पडलात की दिवस मोकळा.

आता कुठे जाऊ नये ते.

जिथे व्यासपीठावर हार-तुरे, शाल-श्रीफळ, प्रायोजकांची चित्रफीत आणि चार भाषणं यांत तास जातो आणि गायकाला "जरा आवरतं घ्या" अशी चिठ्ठी येते, तिथे जाऊ नका. साथीदार म्हणून मला हे फार लागतं. गायक तासभर आत तापलेला गळा घेऊन बसलेला असतो, तबला चढवून ठेवलेला असतो, आणि तो वेळ वाया जातो तेव्हा विलंबित ख्यालातलाच जातो. द्रुत (जलद लयीचा ख्याल) आणि भजन कुणी कापत नाही. कार्यक्रमपत्रिकेत गायकाच्या नावापेक्षा पाहुण्यांची नावं जास्त असतील तर काय ते समजून घ्या.

जिथे आवाज अंगावर येतो, तिथेही जाऊ नका. गेल्या काही वर्षांत तीनशे माणसांच्या सभागृहातही मैदानाला पुरतील असे स्पीकर लावायची पद्धत पडली आहे. तबल्याचा बायाँ छातीवर आदळतो, पेटी गायकाच्या वर जाते (पेटी वाजवणारा मी हे सांगतोय), आणि तानपुरे ऐकूच येत नाहीत. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचं टाटा थिएटर १९८० साली उघडलं, ते माइकशिवाय ऐकू जावं अशा रीतीने बांधलेलं, हजाराच्या घरात खुर्च्या असूनही. तेवढं सगळीकडे शक्य नाही. पण पाऊणशे माणसांच्या खोलीत माइक लागतच नाही, आणि माइकशिवायचा गळा ऐकणं ही गोष्ट आता इतकी दुर्मीळ झाली आहे की तशी बैठक कुठे आहे कळलं तर बाकीचं काम बाजूला ठेवून जा. मोठ्या सभागृहात निदान जागा नीट निवडा: स्पीकरच्या थेट समोर बसू नका, पहिल्या दोन रांगांत एका कडेलाही बसू नका, मधल्या ओळींत साधारण मध्यभागी बसा.

मोठ्या महोत्सवांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एका संध्याकाळी चार-पाच कलाकार, प्रत्येकाला तास-सव्वा तास. हजारो लोकांसमोर गायक नवीन धाडस करत नाही. पक्कं बसलेलं गातो, लवकर द्रुतात येतो, टाळ्या घेतो. त्यात गैर काही नाही, पण रागात आत-आत जाणं तिथे कमी होतं. म्हणून पहिलीच मैफल ऐकायची असेल तर महोत्सव निवडू नका. पाच-सहा छोट्या बैठका ऐकल्यावर मग 'सवाई'ला जा, आणि गेलात तर भारतीय बैठकीचं तिकीट काढा. खुर्चीपेक्षा स्वस्त, आणि आजूबाजूला वर्षानुवर्षं येणारी माणसं बसलेली असतात. डबे उघडतात, शेजारचे काका न विचारता राग सांगतात. महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातल्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. एवढे दिवस प्रत्यक्ष गाणं ऐकलेले लोक ती खरखरीत तबकडी उभं राहून ऐकतात. ज्यांच्या नावाने हे सगळं चाललंय त्या गळ्यातलं आपल्याजवळ उरलंय ते अशा जुन्या तबकड्यांपुरतंच, हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं.

राग ओळखता येत नाहीत, याची काळजी सोडा. राग ओळखणं हा श्रोत्याच्या पात्रतेचा दाखला नाही. नाव ओळखून झालं की कान बंद करणारे बरेच जण मी वरून पाहिले आहेत: "जोगकंस" असं शेजाऱ्याला सांगितलं की त्यांचं काम झालं. त्यापेक्षा दोन गोष्टी धरून बसा.

पहिली, सम. विलंबित ख्यालात बंदिशीचा मुखडा परत-परत येतो आणि तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. मुखडा एकदा कानात बसला की तो केव्हा येणार याची वाट बघायला लागा. तबलजीकडे बघा, सम जवळ आली की त्याचं अंग बदलतं. माझ्याकडे बघा, मी गायकाच्या जबड्याकडे आणि हाताकडे बघत असतो, कारण साथीचा पहिला नियम असा की गायकाने न घेतलेला सूर आपण आधी वाजवायचा नाही. त्याच्या एक केसभर मागे राहायचं. आम्ही तिघं एकमेकांना सांभाळत समेवर कसे पोचतो, कधी गायक मुद्दाम उशीर करून तबलजीला कसा गाफील पकडतो, हे पाहण्यासाठी शास्त्र येण्याची गरज नाही. कबड्डी बघताना पंचाचं पुस्तक लागत नाही, तसंच.

दुसरी, एकच सूर धरा. गायक कुठल्या सुरावर जास्त थांबतो, कुठला टाळतो, कुठल्या सुराला खालून येऊन भिडतो. अर्ध्या तासात तो राग तुमच्या ओळखीचा होईल. नाव नंतर कळलं तरी चालेल. घरी आल्यावर तोच राग दोन वेगळ्या घराण्यांच्या गायकांकडून ऐका. इथे तुमचं यूट्यूब खऱ्या अर्थाने कामाला येतं. मैफिलीच्या आधी फार तयारी करू नका, नाहीतर मोठ्या गायकाचं मुद्रण कानात भरून तुम्ही समोरच्याला त्याच्याशी ताडून बघत बसाल. तरुण गायकांवर यात मोठा अन्याय होतो. पंचविशीतला मुलगा पहिल्यांदा स्वतंत्र गातोय आणि समोर बसलेला माणूस मनात भीमसेनजींची १९७० च्या दशकातली तान ऐकतोय, हे वरून आम्हाला दिसतं.

आणि पहिल्या वीस मिनिटांत काहीच घडत नाही असं वाटलं तर उठू नका. खूप लोक आलापाला कंटाळून मध्यंतराआधी जातात. गळा तापायला, सभागृहाचा आवाज कळायला, आमचं एकमेकांशी जुळायला तेवढा वेळ लागतोच. कधीकधी मैफल लागतच नाही, हेही सांगून ठेवतो. गळा साथ देत नाही, तबलजीशी सूत जमत नाही, हॉल कोरडा असतो. अशा रात्री तुमचे पैसे आणि वेळ गेला असं तुम्हाला वाटेल. चार मैफिलींपैकी एखादी चढते, बाकीच्या बऱ्या असतात; गायकाच्या बाबतीतही हे असंच आहे आणि तो तरीही रोज पहाटे खरज भरतो. म्हणून एका मैफिलीवरून काही ठरवू नका. सहा महिने जाऊन बघा.

पैशाचा प्रश्न तुम्ही समजता तेवढा मोठा नाही. गुरुपौर्णिमेचे आणि पुण्यतिथीचे कार्यक्रम, गायन समाजांच्या मासिक सभा, यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रवेश खुला असतो किंवा नाममात्र वर्गणी असते. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज आहे, कोल्हापुरात १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आहे. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, दर्ग्याच्या आवारात, त्यांची कबर तिथेच आहे. त्याच गावात नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो. या दोन्ही ठिकाणी तिकीट नाही. पणजीत कला अकादमीचा केसरबाईंच्या नावाचा समारोह आहे. परदेशात असाल तर उन्हाळ्यात दौऱ्यावर आलेले कलाकार लोकांच्या दिवाणखान्यात गातात. तिथल्या मराठी मंडळात चौकशी करा, कारण ते जाहिरातीत येत नाही.

तिकीट असेल तिथे काढा, पास मागू नका. ध्वनिमुद्रण लाखो वेळा ऐकलं गेलं तरी त्यातला वाटा साथीदारापर्यंत सहसा पोचत नाही. तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावरचे विद्यार्थी, तानपुऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर, सगळ्यांचं घर मैफिलींच्या मानधनावर चालतं. तुम्ही काढलेलं तिकीट पुढची मैफल होण्याला लागतं.

फोन बंद करून खिशात ठेवा. मुद्रण करू नका. हे मी हक्कांच्या कारणाने सांगत नाही. फोन वर धरला की तुम्ही ऐकायचं थांबता आणि गायकाला समोर चेहऱ्यांऐवजी फोनच्या पाठी दिसतात. वर सांगितलं तसं त्याला एक चेहरा हवा असतो. दाद द्यायला संकोचू नका, पण टाळ्यांपेक्षा मान हलवणं किंवा हळू "वा" पुरेसं आहे. ख्याल रंगलेला असताना मध्येच कडकडून टाळ्या पडल्या की गायक तानांकडे वळतो आणि शांतपणे चाललेली बढत तिथेच संपते.

मुलीला न्या. सात हे वय चांगलं आहे. सकाळची बैठक निवडा, तासाभराची, खुर्च्या नसतील अशी, आणि दाराजवळ बसा म्हणजे तिला कंटाळा आला की दोघांना उठता येईल. सुरुवातीला तानपुरे लागताना तिला पुढे घेऊन जा. विचारलंत तर बहुतेक साथीदार मुलांना तानपुऱ्याला कान लावू देतात. आधी घरी समजावून सांगत बसू नका, आणि नंतर "आवडलं का?" असंही विचारू नका. ती सतरंजीवर झोपली तर झोपू द्या. मी पाच-सहा वर्षांचा असताना असाच झोपायचो, आणि गाण्यातल्या मुलांपैकी बहुतेकांचं असंच झालंय. पुढच्या वेळी निघताना ती आपणहून चपला घालायला लागली तर नेत राहा, नाही लागली तर वर्षभराने पुन्हा विचारा.